गर्दी की खरखर?

रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला दोन त्रास चांगले ठाऊक असतात. पावसाळ्यात आभाळ भरून आलं, वीज चमकली, की मध्यमलहरींवर कडकड सुरू होते आणि बातम्यांतला एखादा शब्द त्या खरखरीत विरून जातो. दुसरा त्रास रात्रीचा. रात्र चढली की दूरदूरची केंद्रं आपल्या केंद्राच्या अंगावर येऊन पडतात आणि दोन निवेदक एकदमच बोलू लागतात. शब्द दोन्ही वेळा हरवतो, पण ऐकणाऱ्याचा हात दोन्ही वेळा वेगळं काम करतो. वीज चमकली तर तो क्षणभर थांबतो, कारण पुढचं वाक्य नीट ऐकू येणार हे त्याला माहीत असतं. गर्दी झाली तर तो बटण फिरवतो, रेडिओ उचलून त्याची दिशा बदलून पाहतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. खरखर कुठली आणि गर्दी कुठली, हे कानाला कळतं.

आज आपली पत्रं, छायाचित्रं, बँकेतले पैसे, मुलांचे निकाल, सगळं यंत्रांच्या आपसांतल्या बोलण्यातून इकडून तिकडे जातं. त्या बोलण्यातलेही शब्द हरवतात. काही हवेतल्या खरखरीनं हरवतात, काही वाटेतल्या गर्दीनं. पण यंत्राला हा फरक ओळखणारा कान नव्हता. तो देण्याची खटपट गेली तीसेक वर्षं चालू आहे आणि तिच्यात नागपुरात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण हरवलेला शब्द हा कवीच्याही धंद्यातला विषय आहे, म्हणून या इतिहासात शिरण्याचं धाडस करतो.

सुरुवात महाराष्ट्रातूनच करता येते. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडला जोडली गेली. पत्राला आठवडे लागत, ते काम तासांवर आलं. ही तार महाग होती आणि तिच्यावर रांग मोठी असे. एका तारेतून ठरावीक वेळात ठरावीकच शब्द जाणार. व्यापाऱ्यांचे भाव, सरकारचे हुकूम, वर्तमानपत्रांच्या बातम्या, सगळ्यांना तिथूनच जायचं. थोडक्यात, समुद्राखालच्या तारेचं मुख्य दुखणं गर्दीचं होतं.

१९२७ मध्ये दुसरी वाट उघडली. मार्कोनीच्या पद्धतीची बिनतारी सेवा पुण्याजवळून सुरू झाली. संदेश पाठवणारं केंद्र खडकीला आणि ऐकणारं केंद्र दौंडला. दोन्ही एके ठिकाणी ठेवली असती तर स्वतःच्याच आवाजात पलीकडचं ऐकू आलं नसतं, म्हणून हे अंतर. बिनतारीचा दर तारेपेक्षा कमी होता. जगभर तारेच्या कंपन्यांचं गिऱ्हाईक बिनतारीनं इतकं ओढलं, की १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या तारेच्या आणि बिनतारीच्या कंपन्या एकाच छत्राखाली आणाव्या लागल्या. पण बिनतारीचं दुखणं निराळं होतं. आभाळातल्या विजेची कडकड, वातावरणाच्या वरच्या थरांची लहर, मध्येच क्षीण होणारा आवाज. समुद्राखालच्या तारेला गर्दी छळत होती, तर बिनतारीला खरखर.

त्या काळी यंत्रावर माणूस बसलेला असे आणि माणसाला हा फरक कळत होता. इतकंच नाही, तर त्यासाठी त्याच्याकडे वेगळे शब्द होते. १९१२ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगातल्या बिनतारी चालकांसाठी तीन-तीन अक्षरांचे संकेत ठरले. ‘क्यूआरएन’ म्हणजे आभाळातली खरखर फार आहे. ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा अडथळा होतो आहे. ‘क्यूआरवाय’ म्हणजे माझी पाळी कितवी? आणि ‘क्यूआरएस’ म्हणजे जरा सावकाश पाठवा. तीन अक्षरांत पलीकडच्याला समजे की शब्द का पोचला नाही. खरखर असेल तर तोच शब्द पुन्हा पाठवायचा. रांग असेल तर आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. दुखणी दोन, नावं दोन, औषधंही दोन.

ही औषधं एकमेकांच्या उलट आहेत, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. आपल्या तार खात्याचं एक उदाहरण पुष्कळांना आठवेल. दिवाळी, ईद आणि लग्नसराईत शुभेच्छांच्या तारांचा पूर येई. तो आवरावा म्हणून ठरावीक मजकुरांना क्रमांक दिलेले होते. पाठवणाऱ्यानं मजकुराऐवजी क्रमांक लिहायचा, पलीकडे त्याचं पूर्ण वाक्य होऊन हातात पडायचं. गर्दीवर हा नामी उपाय होता. पण अख्ख्या वाक्यात एखादं अक्षर बिघडलं तर वाचणारा अंदाजानं ते दुरुस्त करतो. एकट्या क्रमांकात एक आकडा बिघडला तर सगळा निरोपच बदलतो, आणि तो बदलला आहे हे कुणाला कळतही नाही. गर्दीवरचं औषध बिघाडाला पथ्याचं नसतं. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली आणि हे क्रमांकही इतिहासजमा झाले.

आता माणसाच्या जागी यंत्र कसं आलं ते पाहू. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन जपून ठेवलेला आहे. टेलिफोनची जुनी रीत अशी, की बोलणं चालू असेपर्यंत वाट त्या दोघांच्याच मालकीची. बोलणारे गप्प बसले तरी वाट अडलेली. तिथे गर्दी होत नाही, पण दुसऱ्या कुणाला जागाही मिळत नाही. इंटरनेटची रीत अगदी निराळी. तिथे निरोपाचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालतात, पाकिटावर पत्ता आणि क्रमांक घालतात आणि सगळ्यांच्या सामायिक रस्त्यावर सोडून देतात. पलीकडचा पाकिटं क्रमानं लावतो आणि पोच पाठवतो. पोच आली नाही, तर पाठवणारा ते पाकीट पुन्हा पाठवतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या रीतीचा आराखडा मांडला. तीच पुढे टीसीपी नावानं ओळखली जाऊ लागली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज जाळं तिच्यावर आलं.

पाकीट हरवतं ते दोन कारणांनी. पहिलं कारण समजायला आमचं गाव उपयोगी पडेल. वर्धा शहराला लागून मेघे नावाची बरीच गावं आहेत, पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे. मी पिपरीला राहतो. पिपरीवर एक टिंब जास्तीचं पडलं की पिंपरी होते आणि पाकीट वर्ध्याऐवजी पुण्याकडे निघतं. यंत्राच्या भाषेतले बिघाड असेच असतात. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो, एवढंच. तो ओळखण्यासाठी प्रत्येक पाकिटावर एक ताळा लिहिलेला असतो. शाळेत गुणाकार झाल्यावर आपण ताळा पाहत होतो, तसाच. पोचलेल्या मजकुराचा ताळा जुळला नाही, तर घेणारा ते पाकीट फेकून देतो.

फेकतो, पण तक्रार करत नाही. इथे खरी मेख आहे. कारण बिघडलेलं टिंब मजकुरात पडलं आहे की पत्त्यात, हे त्याला ठाऊक नसतं. पाठवणाऱ्याचाच पत्ता बिघडला असेल तर तक्रार भलत्याच गावाला जायची. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केले. त्यांच्यापुढे ताडून पाहायला निरनिराळ्या प्रती होत्या. घेणाऱ्या यंत्रापुढे एकच प्रत असते आणि तीच बिघडलेली असते. म्हणून ते गप्प राहतं.

दुसरं कारण गर्दी. दोन रस्ते मिळतात तिथे राउटर नावाचं यंत्र असतं. आलेली पाकिटं ते आपल्या फलाटावर रांगेत उभी करतं आणि एकेक पुढे सोडतं. फलाट लहान असतो. तो भरला की नंतर येणारं पाकीट सरळ टाकून दिलं जातं. टाकल्याची बातमी पाठवावी, तर गर्दीत तेवढ्या पाकिटांची भर पडणार. तशी बातमी पाठवण्याची एक सोय पूर्वी होती, पण तिचा उपयोग झाला नाही आणि अखेर ती रीतसर मोडीत काढली गेली. तेव्हा राउटरही गप्प राहतो.

म्हणजे पाकीट खरखरीनं बिघडलं तरी पलीकडून शांतता आणि गर्दीत चेंगरलं तरी शांतताच. माणसाकडे ‘क्यूआरएन’ आणि ‘क्यूआरवाय’ असे दोन शब्द होते, यंत्राकडे एकच न बोलणं उरलं. आता या न बोलण्याचा अर्थ काय लावायचा?

सुरुवातीला अर्थ लावण्याची गरजच कुणाला वाटली नाही. पोच आली नाही की पुन्हा पाठव, संपलं. १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन यांनी उभारलेल्या ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्याची रीत अशीच होती. पोच न आल्यास कारण न विचारता मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं आणि तेच पुन्हा पाठवायचं. जाळं लहान असेपर्यंत हे खपलं. १९८४ मध्ये जॉन नेगल या अभियंत्यानं इशारा दिला, की अशानं एक दिवस रस्ते पुन्हा पाठवलेल्या पाकिटांनीच भरतील आणि नवं काही पोचणार नाही.

तो दिवस ऑक्टोबर १९८६ मध्ये उजाडला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात चारशे यार्डांचं अंतर आहे, हाकेच्या टप्प्यातलं म्हणा ना. त्यांच्यातल्या संदेशांचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. आठशेत एक हिस्सा उरला. यंत्रं काही बंद पडली नव्हती, उलट जिवाच्या आकांतानं काम करत होती. उत्तर येत नाही म्हणून प्रत्येकजण तेच ते पुन्हा पाठवत होता आणि पुन्हा पाठवत होता म्हणूनच उत्तर येत नव्हतं.

त्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स या सहकाऱ्याबरोबर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो जगापुढे मांडला. उपायाचा गाभा सौजन्याचा आहे. सुरळीत चाललं असेल तर वेग हळूहळू, पायरीपायरीनं वाढवायचा. पाकीट हरवलं की तो चांगलाच उतरवायचा, पुढे रूढ झालेल्या रीतीत तर थेट निम्म्यावर आणायचा. प्रत्येकानं एवढी मर्यादा पाळली, की कुणीही पोलीस न नेमता रस्ता वाहता राहतो. इंटरनेट आज उभं आहे त्यात या सौजन्याचा वाटा फार मोठा आहे.

पण या उपायाच्या पोटात एक गृहीत होतं. जेकबसन यांनी ते लपवलेलं नव्हतं, स्वच्छ मांडलं होतं. पाकीट बिघडून हरवण्याचं प्रमाण बहुतेक जाळ्यांत शेकडा एकाहूनही फार कमी आहे, म्हणून हरवलेलं पाकीट म्हणजे गर्दी असंच धरायला हरकत नाही, असं ते गृहीत. १९८८ सालच्या तारांपुरतं ते खरंही होतं. न बोलण्याला अखेर अर्थ मिळाला. पण तो एकच अर्थ होता.

मग तारा तुटल्या, म्हणजे आपण त्या तोडल्या. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं मुंबईसह चार महानगरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्याकडे या दोन गोष्टी जेमतेम जन्मत होत्या, तेव्हा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत त्यांचं लग्न लावून झालं होतं आणि संसारात कुरबुरीही सुरू झाल्या होत्या. बिनतारी जोडणीवर टीसीपी विचित्र वागत होतं. रस्ता रिकामा, तरी गाडी रांगत चाललेली. हवेतल्या खरखरीनं एक पाकीट बिघडलं, की पाठवणारा म्हणे, गर्दी झाली, आपण मागे सरावं. वेग निम्मा. सावरून जरा पुढे येतो तोच आणखी एक पाकीट बिघडे. पुन्हा निम्मा. खरखरीवरचं औषध होतं ताबडतोब पुन्हा पाठवणं, आणि रोग्याला मिळत होती उपासाची चिठ्ठी.

हे नुकसान किती, याचा हिशेब १९९७ मध्ये मॅट मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूत्रात बसवला. पाकिटं हरवण्याचं प्रमाण चौपट झालं की वेग निम्मा होतो, मग रस्ता कितीही रुंद असो. त्या सूत्रात आकडे घालून पाहू. पाकीट १४६० बाइटचं, जाऊन-येऊन लागणारा वेळ सेकंदाचा दहावा भाग आणि शंभरात एक पाकीट हरवतं आहे. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. रस्ता दोन कोटी बिटांचा असला तरी एवढंच. वीस पदरी रस्ता मोकळा पडला आहे आणि आपली गाडी दीड पदरसुद्धा वापरत नाही, असा हा प्रकार.

यावर पहिले मोठे उपाय १९९५ मध्येच पुढे आले. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातल्या अजय बाकरे आणि बी. आर. बद्रीनाथ यांनी सुचवलं, की प्रवासाचे दोन टप्पे करा. पाठवणाऱ्यापासून मोबाइलच्या मनोऱ्यापर्यंत तारेचा टप्पा, तिथून हातातल्या यंत्रापर्यंत हवेचा टप्पा. दोन्हींचा हिशेब वेगळा. तारेवर हरवलं तर गर्दी, हवेत हरवलं तर खरखर. विचार सरळ होता. अडचण एकच, की मनोरा आपल्या जबाबदारीवर पोच देऊन टाकी आणि पाकीट अजून मालकाच्या हाती पडलेलंच नसे. दुकानदारानं शेजाऱ्याकडून पार्सलावर सही घ्यावी, तसं.

दुसरा उपाय बर्कलीचा, म्हणजे जिथे कोंडी झाली होती त्याच गावचा. तो करणाऱ्या चौघांत हरी बालकृष्णन हे तरुण संशोधक होते. जन्म नागपूरचा, पदवी मद्रासच्या आयआयटीची. श्रीनिवासन शेषन, एलन आमीर आणि त्यांचे प्राध्यापक रँडी कॅट्झ हे बाकीचे तिघे. त्यांनी मनोऱ्याला पोच देण्याचा अधिकार दिला नाही. फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची एक नक्कल मनोऱ्यानं जवळ ठेवायची. पलीकडून एकाच क्रमांकाची पोच पुन्हा पुन्हा आली, की मधलं एखादं पाकीट हवेत गेलं असं समजून ती नक्कल लगेच द्यायची. आणि ती पुन्हा आलेली पोच मागे जाऊ द्यायची नाही, म्हणजे दूरचा पाठवणारा उगीच घाबरून वेग कमी करणार नाही.

हे वाचताना मला रमजानमधली तरावीहची नमाज आठवली. पुढे उभा असलेला हाफिज पाठ असलेलं कुराण म्हणत असतो. त्याच्या मागे पहिल्या ओळीत आणखी एक हाफिज उभा असतो. पुढच्याचा एखादा शब्द सुटला, की मागचा तो शब्द उच्चारतो. याला लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास देणं. पुढचा तो शब्द घेतो आणि पाठ चालू राहतो. पहिल्यापासून पुन्हा म्हणावं लागत नाही आणि मागच्या ओळींतल्या पुष्कळांना काही घडल्याचंही कळत नाही. जिथे तुटलं तिथेच, जवळच्यानं आणि चटकन जोडायचं, हे तत्त्व बर्कलीच्या चौघांनी यंत्राला दिलं. बालकृष्णन यांच्या प्रबंधाला पुढे संगणकशास्त्रातला १९९८ चा मानाचा प्रबंध पुरस्कार मिळाला. ते एमआयटीत प्राध्यापक झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला. ज्या मार्कोनीच्या नावाची सेवा खडकी-दौंडला आली होती, त्याच्याच नावाचा.

पण या दोन्ही उपायांत मनोऱ्याला शहाणं करावं लागत होतं. मनोऱ्याची मदत न घेता दोन टोकांच्या यंत्रांनाच फरक ओळखता येईल का? हा प्रश्न टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात साद बियाझ आणि नितीन वैद्य यांनी हाती घेतला. १९९८ मध्ये त्यांनी पाठवणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं. पाकीट जाऊन पोच यायला लागणारा वेळ, त्या वेळेतली चढउतार, मिळणारा वेग, एवढ्यावरून हरवण्याचं कारण सांगता येतं का? गर्दी आधी ओळखण्याच्या त्या काळी गाजलेल्या तीन युक्त्या त्यांनी तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की या युक्त्यांचा कौल नाणेफेकीहून फारसा बरा नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी आपला निष्कर्ष नकारार्थी आहे असं सांगून टाकलं. विज्ञानात अशा प्रामाणिकपणाची किंमत मोठी असते. बंद असलेल्या दारावर पाटी लागली की पुढच्यांच्या हेलपाट्या वाचतात.

पुढच्याच वर्षी त्या दोघांनी घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं आणि तिथे फट सापडली. मात्रा मोजणाऱ्याला ती चटकन कळेल. मुशायऱ्यात शायर शेर म्हणतो आहे आणि मधेच ध्वनिक्षेपक क्षणभर बंद पडला. एक शब्द ऐकू आला नाही, पण त्या शब्दाच्या मात्रांएवढा वेळ मात्र गेला. त्याची जागा रिकामी राहिली आणि पुढचा शब्द आपल्या ठेक्यावरच आला. आता दुसरा प्रसंग. तोच शेर वहीत उतरवतानाच एक शब्द गळाला. मग शायर म्हणताना थांबणार नाही, पुढचा शब्द गळालेल्याच्या जागी सरकून येईल आणि ओळ आखूड होईल. शब्द दोन्हीकडे हरवला. पहिल्या वेळी त्याची जागा शिल्लक आहे, दुसऱ्या वेळी जागाही गेली.

पाकिटांचं तसंच. शेवटचा हवेतला टप्पा सगळ्यांत संथ असेल, तर मनोऱ्यावर पाकिटं रांगेत उभी राहतात आणि एकामागून एक सारख्या अंतरानं येत राहतात. मधलं एक पाकीट हवेत बिघडलं तर बरोबर एका पाकिटाएवढी पोकळी ऐकू येते. ते त्याआधीच गर्दीत टाकलं गेलं असेल तर पुढची पाकिटं सरकून जवळ येतात, पोकळी उरत नाही. घेणाऱ्यानं फक्त ठेका मोजायचा. अर्थात ही युक्ती शेवटचा टप्पा हवेचा, संथ आणि फक्त त्याच प्रवाहासाठी मोकळा असेल तेव्हाच लागू पडते. दोन प्रवाहांची पाकिटं तिथे मिसळली की ठेका बिघडला. तरी न बोलण्याच्या आत बोलणं असतं, एवढं त्या दोघांनी दाखवलं.

आणखी एक वाट होती, सगळ्यांत साधी. ओळखण्याची कोडी कशाला? ज्याला माहीत आहे त्यालाच बोलू द्या. बिघाडाची तक्रार करता येत नाही हे खरं, पण गर्दी राउटरच्या डोळ्यांसमोर होत असते. फलाट भरत आला की पाकीट टाकून न देता त्यावर एक खूण करावी आणि पुढे सोडावं. घेणारा ती खूण पाहून पोचेबरोबर पाठवणाऱ्याला कळवील. के. के. रामकृष्णन आणि राज जैन या दोघांनी अशी खूण १९८८ मध्येच सुचवली होती, जेकबसन यांचा उपाय आला त्याच वर्षी. सॅली फ्लॉइड यांनी ती इंटरनेटच्या रीतीत बसवली आणि त्या दोघांपैकी रामकृष्णन यांच्यासह लिहिलेला तिचा नियम २००१ मध्ये मंजूर झाला. वेगळं पाकीट नको, ओझं नको, पत्त्याच्या कोपऱ्यात दोन घरं फक्त. १९१२ च्या ‘क्यूआरवाय’ला नव्या लिपीत परत आणलं, असं म्हणता येईल.

मधल्या काळात वाय-फायनं आणि मोबाइलच्या जाळ्यांनी लुकम्याची रीत आपलीशी केली. हवेत बिघडलेलं पाकीट आता तिथल्या तिथे पुन्हा दिलं जातं आणि बहुतेक वेळा दूरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण पुन्हापुन्हा देण्यात वेळ जातो. खरखर आता हरवण्याऐवजी उशिराचं रूप घेऊन येते आणि उशीर तर गर्दीतही होतो. जुनं कोडं नवे कपडे घालून दारात उभं राहिलं.

२०१६ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी बीबीआर नावाची नवी रीत जाहीर केली. हरवलेल्या पाकिटाला गर्दीचा पुरावा मानायचंच नाही, रस्त्याची रुंदी आणि रिकाम्या रस्त्यानं लागणारा वेळ सतत मोजत राहायचं आणि तेवढ्याच मापानं पाठवायचं, असं तिचं तत्त्व आहे. ती मांडणाऱ्यांच्या नावांत एक नाव व्हॅन जेकबसन यांचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या माणसानं ‘हरवलं म्हणजे गर्दी’ हे गृहीत धरलं, तोच आता त्यापलीकडे जाणाऱ्यांत होता. काळ बदलला तर आपलंच वाक्य खोडायला मोठं मन लागतं. त्या रीतीच्या पहिल्या आवृत्तीतही दोष निघाले. जुन्या, सौजन्यानं मागे सरणाऱ्या प्रवाहांच्या शेजारी ती वाजवीपेक्षा जास्त जागा घेते, असं दिसून आलं आणि तिच्यात दुरुस्त्या सुरू झाल्या.

हे सगळं अभियंत्यांच्या घरचं प्रकरण आहे, आपल्याला काय त्याचं, असं कुणी विचारील. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावची मुलं शाळेसाठी मोबाइल हातात घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, शेतातल्या झाडाखाली जाऊन बसत होती, हे आपण पाहिलं आहे. ती मुलं खरखरीच्या प्रदेशात बसली होती. शहरात मनोऱ्याजवळ बसलेल्याची पाकिटं क्वचित बिघडतात. टोकाच्या गावातल्याची वरचेवर बिघडतात. ‘हरवलं म्हणजे गर्दी’ या नियमानं यातला मागे सरतो तो टोकाच्या गावातला. गर्दी त्यानं केलेली नसते. त्यानं सोडलेली जागा ज्याची वाट आधीच चांगली आहे त्याला मिळते. नियम सगळ्यांना एकच, म्हणून तो दिसायला न्यायी दिसतो. पण न बोलण्याचा एकच अर्थ लावणारा नियम दूरच्यावर आणि दुबळ्यावर जास्त पडतो. यंत्रांच्या जगात तो पडला, आणि माणसांच्या जगात तो पडत नाही असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. जो वर्ग उत्तर देत नाही त्याला काही म्हणायचंच नाही, असं आपणही किती सहज धरून चालतो!

रस्त्यानंच ‘इथे गर्दी आहे’ असं सांगायचं, ही खूण अधिक बारकाईनं वापरणारी पद्धत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तिची दोन घरं २००१ पासून प्रत्येक पाकिटाच्या पत्त्यावर आहेत. ती घरं भरायची की कोरी सोडायची, हे मात्र अजूनही वाटेवरच्या प्रत्येक राउटरवर आणि तो चालवणाऱ्या माणसावर अवलंबून आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)